डार्करूममधला लाल दिवा

मी एक जुना लाल दिवा आहे, मित्रांनो. सिग्नलवरचा नव्हे, एका फोटो स्टुडिओच्या डार्करूममधला. कारखान्यात माझ्या काचेला लाल रंग चढला, तेव्हा शेजारचे पांढरे दिवे मला हसले होते. पण पांढरा उजेड लागला की फोटोचा कागद वाया जातो. माझा मंद उजेड तेवढा त्याला सोसतो.

स्टुडिओवाले काका रोज नेमाने माझी धूळ पुसत आणि मगच कामाला लागत. माझ्यासमोर किती नवरानवरी, किती बाळं कोऱ्या कागदावर उमटली! पुढे कॅमेऱ्याचे फोन आले. काका पुढच्या खोलीत संगणकाशी बसू लागले आणि माझ्या सोबतीला झाडू, खोके, मोडकी खुर्ची राहायला आली.

एके दिवशी सकाळीच काकांची पुतणी फिल्मचा जुना कॅमेरा घेऊन आली. "काका, फोनवर हजार फोटो काढते, पण पुन्हा एकही बघत नाही. मला हे शिकवा ना."

काका हरखले. पण काकूंचा माझ्या खोलीवर डोळा होता. नळ असलेली तेवढीच रिकामी जागा, आणि कपडे धुण्याचं मशीन त्याच दिवशी येणार होतं. ते आलं की माझी रवानगी भंगारात.

काकांकडून शिकत पुतणीने दुपारपर्यंत फिल्म धुऊन वाळवली होती. आता काकांच्या देखरेखीखाली फोटो कागदावर आणायचा होता. तेवढ्यात काकू टेप घेऊन माप घ्यायला आत आल्या. पुतणीने कडी लावली.

"काकू, आता दार उघडायचं नाही हं. कागद बाहेर काढतेय."

"म्हणजे मी कैदेत?"

"इतक्या वर्षांनी सापडलीस," काका म्हणाले.

पुतणीने फिल्ममधली छबी कागदावर पाडली, मग तो औषधाच्या पाण्यात सोडला आणि ट्रे हलकेच हलवू लागली.

"कोराच आहे की गं," काकू म्हणाल्या. "फोनवर एव्हाना चार जणांना पाठवून झाला असता."

मग केस उमटले. भुवया आल्या, डोळे आले. सकाळी दोरीवर कपडे वाळत घालताना हसणाऱ्या काकूच होत्या त्या. काकू वाकून बघत राहिल्या.

इतक्यात बाहेरून दार वाजलं. "मशीन आणलंय. दार उघडा."

काकूंनी दोन्ही हातांनी कडी धरली. "थांबा हो जरा, अजून माझं नाक यायचंय."

"मग मशीन ठेवू कुठे?"

"मागच्या पडवीत ठेवा. नळी लांब घेऊ."

आता दर रविवारी माझी धूळ पुसली जाते, तीही काकूंच्या पदराने.

मित्रांनो, फोनवर खुशाल फोटो काढा. पण एखादा असा हळूहळू कागदावर येऊ द्या, आणि तो येईपर्यंत घरातलं कुणीतरी शेजारी उभं असू द्या. फक्त आत येताना फोन बाहेर ठेवा, एवढं माझं ऐका.