पाय लागला तर

"काका, बोट नुसतं टेकवा. दाबू नका. तुम्ही दाबलासा की बॉल तिरका हुतोय."

"मी दाबत नाहीये. तुझा बॉलच जन्मतः तिरका आहे, त्याला मी काय करू?"

जुलैची सकाळ, साडेसहा वाजलेले, आणि ह्यूस्टनजवळच्या शुगर लँडची हवा आत्ताच ओल्या टॉवेलसारखी अंगाला चिकटलेली. मी, शशिकांत देवस्थळी, वय वर्षे अडुसष्ट, निवृत्त पाइपिंग इंजिनियर, शाळेच्या रिकाम्या मैदानात एका गुडघ्यावर बसलो होतो. समोर अमेरिकन फुटबॉलचा तो सोललेल्या नारळासारखा चेंडू, त्याच्या टोकावर माझं एक बोट. डॉक्टरांनी गुडघ्याला जपायला सांगितलं होतं, ते मी तेवढ्यापुरतं विसरलो होतो.

कृष्णा साळोखे चार पावलं मागे गेला, दोन पावलं डावीकडे सरकला आणि धावत आला. धप्प आवाज झाला. चेंडू आडव्या दांड्यावरून, दोन्ही उभ्या खांबांच्या मधून आरामात पलीकडे गेला. पण कृष्णाने तो कुठे पडला हे पाहिलंसुद्धा नाही. त्याच्या बुटाचं टोक माझ्या बोटांना निसटतं लागलं होतं. तो वाकला, माझ्या हाताला त्याने हात लावला आणि तोच हात आपल्या छातीवर टेकवला.

"अरे, किती वेळा करशील? सकाळपासूनचा हा अकरावा नमस्कार."

"पाय लागला न्हवं? मग करायचं असतंय."

एवढं बोलून तो चेंडू आणायला निघाला. आमच्याकडे चेंडू दोनच होते.

कृष्णा मूळचा कोल्हापूरचा. तिथे पेठेपेठेतल्या तालमींचे फुटबॉल संघ असतात आणि सामन्याच्या दिवशी अर्धं गाव दुकानं बंद करून मैदानावर जातं, हे मला त्याच्याकडून कळलं. मी पुण्याचा, त्यामुळे क्रिकेटपलीकडे खेळ असतात हे मान्य करायलाच मला वेळ लागतो. तो तालमीतून गोव्याच्या एका क्लबात गेला, चार वर्षं पगारी खेळाडू म्हणून खेळला आणि तिथून ह्यूस्टनच्या एका लहानशा सॉकर क्लबने त्याला उचललं. बचाव फळीत खेळायचा. दीड हंगाम झाला आणि २००६च्या एप्रिलमध्ये क्लबच बंद पडला. व्हिसा क्लबाच्या नावावर होता. ऑगस्टअखेरपर्यंत दुसरा कोणी घेणारा मिळाला तर राहायचं, नाहीतर परत जायचं. क्लबचा प्रशिक्षक जाताजाता त्याला म्हणाला होता, तुझ्या पायात ताकद फार आहे, किकर हो. त्या आडदांडांच्या खेळात एक माणूस फक्त लाथ मारायला ठेवलेला असतो.

मी सकाळी फिरायला जायचो तेव्हा तो एकटाच दिसायचा. प्लास्टिकच्या स्टँडवर चेंडू ठेवायचा, मारायचा, चालत जाऊन आणायचा, पुन्हा ठेवायचा. तीन आठवडे मी त्याला हात वर करून 'हाय' म्हणत पुढे जात होतो. मग एके दिवशी तो स्टँड मोडला आणि त्याने त्या स्टँडच्या आईचा मराठीत उद्धार केला. मी जागच्या जागी थांबलो. माझी बायको मृणालिनी गेल्यापासून दोन वर्षांत माझ्या कानावर पडलेलं ते पहिलं मोकळंढाकळं मराठी वाक्य होतं.

"स्टँड राहू दे," मी म्हणालो. "मी धरतो."

अशा रीतीने मी होल्डर झालो.

कृष्णाला नवं काही शिकायचं नव्हतं. त्याला विसरायचं होतं. त्याचे तालमीतले मनोहर मास्तर म्हणजे जुन्या वळणाचे. सराव करताना चेंडू दांड्यावरून गेला की पोटरीवर छडी आणि मैदानाला दोन फेऱ्या.

"दांड्याखाली ठेव, दांड्याखाली ठेव, हे पंधरा वर्षं ऐकलंय काका. आता हितं म्हंत्यात वरनं घाल. ज्याच्यासाठी मार खाल्ला त्येचंच काम मागत फिरालोय बघा."

पहिले काही दिवस त्याचा प्रत्येक चेंडू हटकून दांड्याखालून जायचा आणि त्याची पोटरी आपोआप आखडायची. मी घरून जुनी पट्टी नि कोनमापक आणला, कागदावर रेघा मारल्या, चेंडूच्या तळापासून किती उंचीवर पाय बसायला हवा ते दाखवलं. त्याने कागद आदराने घडी घालून खिशात ठेवला आणि स्वतःच्या अंदाजानेच मारत राहिला. दोन आठवड्यांत पंचेचाळीस यार्डांवरून तो दहातले आठ घालायला लागला. माझ्या कोनमापकाचा त्यात काही वाटा आहे, असं मी स्वतःला सांगायचो.

त्याचं अपार्टमेंट मी एकदाच पाहिलं. चौघं खेळाडू राहायचे, तिघं आपापल्या देशी गेले, गाद्या तिथेच भिंतीला उभ्या करून ठेवलेल्या. टीव्ही सुरू होता. तो बघत नव्हता. "आवाज असतोय जरा," तो म्हणाला. माझ्या घरात चार बेडरूम होत्या नि मी दीड वापरत होतो. टीव्ही मीही सुरूच ठेवायचो. इकडे राहायला ये, हे वाक्य दोनदा माझ्या ओठांवर आलं. बोललो नाही. लोक काय म्हणतील, अमेय काय म्हणेल, असलं काहीतरी डोक्यात होतं. खरं सांगायचं तर तो नाही म्हणेल याची भीती वाटली.

अमेय माझा मुलगा, सिअ‍ॅटलला असतो. रविवारी सकाळी दहाला फोन करतो. "डॅड, ऑल गुड?" मी म्हणतो, "ऑल गुड." त्यात वाईट काही नाही, तो मनाने चांगला आहे. लहानपणी त्याचा पाय कुणाला लागला की मृणालिनी त्याला नमस्कार करायला लावायची. दहा वर्षांचा झाल्यावर तो 'सॉरी' म्हणायला लागला आणि ते तिथेच संपलं.

एका सकाळी कृष्णाचा पाय जरा जोरात लागला. माझं मधलं बोट सुजून भजं झालं. तो इतका घाबरला की मलाच त्याची समजूत घालावी लागली. बोट वाकडंच बसलं. अमेयला मी सांगितलं, कारच्या दारात सापडलं. "डॅड, यू हॅव टू बी केअरफुल," तो म्हणाला.

आता जे सांगायचं आहे ते टाळता येत नाही. त्यानंतर चार दिवसांनी, घाईत असताना, कृष्णाचा पाय पुन्हा माझ्या हाताला लागला आणि तो नमस्कार न करताच चेंडूमागे धावला. परत आल्यावर मी म्हणालो, "काय साळोखे, अमेरिकन झालात? आज नमस्कार नाही?"

थट्टेनेच म्हणालो. पण पूर्ण थट्टेने नाही. मला तो नमस्कार आवडायचा. दिवसभरात मला कुणाचा तरी हात लागायचा तो तेवढाच. कृष्णाने जीभ चावली, वाकला, आणि त्यानंतर एकदाही चुकला नाही. चेंडू कुठेही जावो, आधी वाकायचं. शंभर-शंभर वेळा मी ते त्याच्या अंगात मुरू दिलं. लायब्ररीतून आणलेल्या नियमांच्या पुस्तकात मी वाचलं होतं की किक अडवली गेली तर खेळ थांबत नाही, चेंडू कुणीही उचलून पळू शकतो. ते मी त्याला एकदा चहा पिताना सांगितलंही. पण मैदानात आम्ही दोघंच. अडवणार कोण आणि पळणार कोण?

ऑगस्टच्या पहिल्या शनिवारी निवड चाचणी होती. एका छोट्या लीगचा संघ, तीन तासांवरचं गाव. संघाचा माणूस फोनवर म्हणाला होता, किकर पसंत पडला तर व्हिसाचे कागद आम्ही करू. मी माझी कॅमरी गाडी काढली. आदल्या दिवशी दुकानातल्या टॉर्टिया, म्हणजे मेक्सिकन पोळ्या, कुस्करून तूपगूळ घालून लाडू वळले होते. मृणालिनीच्या पोळीच्या लाडवाची सर त्यांना नव्हती, पण कृष्णाने वाटेत दोन खाल्ले. बाकी तो खिडकीबाहेर बघत होता.

"काका, झालं तर आईला फोन करतो. आत्ताच कशाला सांगा?"

"होणारच आहे."

"तसं नसतंय काका," तो म्हणाला.

मैदानात शिरताना त्याने गवताला हात लावून कपाळाला नेला. नऊ किकर आले होते. दुपारपर्यंत दोघं उरले, कृष्णा आणि ओक्लाहोमाचा एक सोनेरी केसांचा मुलगा. कृष्णाने तीस, चाळीस, पंचेचाळीस सगळे घातले. अठ्ठेचाळीसचा घातला तेव्हा टोपीवाला जाडा प्रशिक्षक हसला. त्या दुसऱ्या मुलाची आई बाकावर माझ्या शेजारी होती. तिने विचारलं, तो तुमचा मुलगा का? माझ्या तोंडून 'येस' निघून गेलं.

शेवटची परीक्षा पूर्ण संघासह. एक जण पायांमधून चेंडू मागे फेकणार, होल्डर तो टेकवणार, आणि समोरून अकरा जण अंगावर येणार. पहिल्या दोन किक दोघांच्याही बसल्या. तिसऱ्या वेळी कृष्णाला चेंडू वाईट आला. होल्डरच्या हातातून तो उसळला, त्याने घाईघाईने तो टेकवला, हात बाजूला घ्यायला त्याला वेळच मिळाला नाही. कृष्णाचा पाय त्याच्या मनगटाला घासून गेला. चेंडू खाली राहिला, एका राक्षसाच्या छातीवर आपटला आणि मागे उडाला.

चेंडू कृष्णापासून दोन हातांवर पडला होता. त्यावर अंग टाकलं असतं तरी पुरे होतं.

कृष्णा वाकला होता. त्याने होल्डरच्या मनगटाला हात लावला आणि तो आपल्या छातीवर टेकवला.

तेवढ्यात एका काळ्या जर्सीने चेंडू उचलला आणि ती त्याच्या कानाजवळून निघून गेली. कृष्णाने मान वर केली तेव्हा पळणारा वीस यार्ड पुढे होता. आजूबाजूचे सगळे ओरडत होते. होल्डर मनगट धरून कृष्णाकडे बघत होता.

"तुमच्या मुलाला लागलं का?" त्या बाईने मला विचारलं.

"नाही," मी म्हणालो. पुढचं मला सांगता आलं नाही. चाळीस वर्षं या देशात काढली, पण तेवढ्यापुरते इंग्रजी शब्दच सापडेनात.

प्रशिक्षक माणूस वाईट नव्हता. किक अडली त्याबद्दल तो काही बोलला नाही, चेंडूच वाईट आला होता. कुंपणापाशी येऊन त्याने कृष्णाला विचारलं, तू खाली वाकून काय करत होतास, प्रार्थना? कृष्णाने आपल्या पायाकडे बोट दाखवलं, मग होल्डरच्या हाताकडे. "माय फूट, सर. टच," तो म्हणाला. मग प्रशिक्षक त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, शिट्टी वाजेपर्यंत थांबायचं नसतं, पोरा. त्यांनी ओक्लाहोमाच्या मुलाला घेतलं.

परतताना तासाभराने पेट्रोल भरायला थांबलो तेव्हा मी इंजिन बंद केलं आणि स्टिअरिंगवर हात ठेवून म्हणालो, "कृष्णा, माझं चुकलं. मी त्या दिवशी तुला टोकायला नको होतं. मला बरं वाटायचं म्हणून मी तुला..."

 

"तुमचं काय चुकलं काका?" तो म्हणाला. "तुम्ही नसता बोलला तर काय मी केलं नसतं? माझ्या आईनं लावलेलं हाय ते." मग त्याने डबा उघडला. "लाडू हायत की अजून."

त्याने एक मला दिला, एक स्वतः घेतला. आम्ही पंपावर गाडीत बसून ते खाल्ले.

त्या रात्री मी त्याला घरी यायला सांगितलं. तो आला. तीन आठवडे राहिला. अमेयच्या खोलीत झोपायचा, सकाळी माझ्याआधी उठून चहा करायचा आणि भांडी अशी घासायचा की कपाटात ठेवताना मृणालिनीची आठवण व्हावी. मैदानावर आम्ही पुन्हा गेलो नाही. मी एकदा 'जायचं का' म्हणून विचारलं तर म्हणाला, "गुडघ्याला जपा आता." कोल्हापुरात मास्तरांचं वय झालंय, पोरांना शिकवायला तालमीत कुणी नाही, असं तो एकदा आपण होऊन बोलला.

विमान दुपारचं होतं. आत जाण्याआधी तो पाया पडला. मी 'असू दे, असू दे' म्हणालो. खरं म्हणजे त्याचे खांदे सोडवत नव्हते. मग तो दोरीपलीकडच्या तपासणीच्या रांगेत गेला. तिथे बूट काढावे लागतात. मोज्यांवर उभा, एका हातात बूट, एका हातात बॅग. एवढ्या ताकदीचा तो पाय मोज्यात अगदी साधा दिसत होता.

रांग पुढे सरकली. त्याच्या पुढे सुटातला एक उंच म्हातारा होता, तो मध्येच थांबला आणि कृष्णाचा पाय त्याच्या टाचेला लागला. कृष्णाने बूट खाली ठेवले. बॅग खाली ठेवली. वाकून त्या माणसाच्या पायाला हात लावला आणि हात छातीशी नेला. म्हातारा वळून बघत राहिला. मागची सगळी रांग थांबली होती. कृष्णाने सावकाश बॅग उचलली, बूट उचलले आणि पुढे गेला.

मी माझं वाकडं बोट मुठीत धरून तो दिसेनासा होईपर्यंत तिथे उभा राहिलो.