सुभेदारणीचा दुहेरी खुराक

दगडू आणि चंद्रभागेचं भांडण घोडीवरनं झालं, आणि पुढं दोन आठवडे ते घोडीमार्फतच चाललं.

दगडू मूळचा साताऱ्याकडचा. पलटणीत खेचरं हाकता हाकता नाईक झाला आणि तिथंच अडकला. दुखरे गुडघे आणि कमरेला गोळ्यांची डबी घेऊन पेन्शनीत निघाल्यावर झाशीच्या बाहेर, बिजौलीच्या पल्याड घर बांधलं, वरातींना भाड्यानं द्यायला पांढरी घोडी घेतली आणि तिचं नाव ठेवलं सुभेदारीण. आपल्याला न मिळालेला हुद्दा निदान तबेल्यात तरी असावा!

जेठाच्या भर उन्हाळ्यात मानिक चौकातल्या एका वरातीत त्यानं तिला तापल्या फरशीवर दोन तास नाचवली. चंद्रभागा नको नको म्हणत होती. घोडी घरी आली ती लंगडत, पुढचा पाय सुजून भोपळा झालेला.

"बैलाला अक्कल असती, पर तुमास्नी न्हाई!" चंद्रभागा कडाडली.

"तुज्या बापानं दिलीया का घोडी? गप ऱ्हा!"

बाप काढला. झालं, अबोला सुरू.

जनावरांचे डॉक्टर विद्याधरजी झाशीतल्या जुन्या मराठी घराण्यातले. त्यांनी सुजेवर डबाभर भुकटी दिली. "दिवसातून एकदाच, एकच चमचा, गुळातून. आणि पाणी भरपूर पाजा. समजलं ना, दगडूजी?" नवराबायकोनं दोन दिशांना तोंडं करून माना हलवल्या.

मग रोजचा तमाशा.

"सुभेदारनी, तुज्या मालकाला सांग, भाकरी झाकून ठिवलीया."

"सुभेदारनी, मालकिनीला इचार, कालवनात मीठ इसरली का मुद्दाम घातलं न्हाई?"

सुभेदारीण बिचारी कान हलवायची.

दगडूला वाटलं, फुगून बसलेली बाई घोडीकडं कशाला बघतीया? म्हणून पहाटे तो एक चमचा चारायचा. चंद्रभागेला वाटलं, ज्या बाप्याला स्वतःच्या टोपीचा पत्ता नसतो तो औषध काय देणार? म्हणून सांजच्याला ती एक चमचा चारायची. घोडीची काळजी दिसली की आपण हरलो, म्हणून दोघंही चोरून. डबा भराभर उतरायला लागला तसा दगडू डॉक्टरच्या नावानं बोटं मोडायचा, "माप मारलं लेकानं!"

चार दिवसांत सूज उतरली. मग मात्र सुभेदारणीनं चण्याला तोंड लावणं सोडलं. दात कराकरा खाऊ लागली, लीद पाण्यासारखी झाली. बाहेर लूचा गरम वारा अंग भाजत होता, तरी बादलीकडं बघेना. दगडू तिच्या मानेला मिठी मारून रडला. "तू गेलीस तर म्या बोलू कुनाशी गं?"

चंद्रभागेनं दाराआडनं ते ऐकलं, आणि तीच डॉक्टरला बोलवायला धावली.

विद्याधरजींनी घोडीचा जबडा उघडला. जिभेवर हे एवढाले फोड.

"औषध कोण देतं?"

"मी," दोघं एकदम म्हणाले, आणि आठ दिवसांत पहिल्यांदा एकमेकांकडं बघितलं.

डॉक्टरांनी कपाळावर हात मारला. "अहो, ही भुकटी म्हणजे माणसांच्या दुखण्यावरच्या गोळ्यांचीच बहीण. पायाची कळ ओढून घेते, पण जास्त झाली की तोंडापासून आतड्यांपर्यंत सगळं सोलून काढते. त्यात पोटात पाणी नाही, म्हणजे मूत्रपिंडंही जायची. नवराबायको एका घरात राहता ना तुम्ही?"

दगडूचा हात नकळत स्वतःच्या पोटावर गेला. चंद्रभागेच्या नजरेतनं ते सुटलं नाही.

"वाचंल न्हवं?" तिनं विचारलं.

"आज काही सांगता यायचं नाही."

डॉक्टरांनी भुकटी बंद करून पोटाला अस्तर धरणारं औषध दिलं. दोघं पाळीपाळीनं पाणी पाजत बसली, मऊ गवत हातानं भरवू लागली. पण खोड जाते का?

"सुभेदारनी, मालकाला सांग, अर्धी बादली प्यालीस."

"सुभेदारनी, मालकिनीला सांग, जरा पडून घे म्हनावं."

सहाव्या दिवशी सकाळी घोडी आपणहून गवत ओढायला लागली. दगडू पोट दाबून उठला, तशी चंद्रभागा घोडीला वगळून थेट त्याच्यापुढंच उभी राहिली.

"आवं, गुडघ्याची गोळी दिसाला किती घेता?"

दगडू गडबडला. सवयीनं वळला. "सुभेदारनी, मालकिनीला सांग..."

सुभेदारणीनं त्याच्याकडं पाठ केली, शेपूट वर उचललं आणि पायाशी लीद टाकली. चांगली घट्ट, गोळ्या गोळ्यांची, वाफाळती. चंद्रभागेनं खाली वाकून बघितलं, पदर डोळ्याला लावला, आणि हात पुढं केला.

"तिला काय सांगायचं ते तिनं सांगितलं. आता तुमी सांगा."

"दोन," दगडूनं कमरेची डबी काढून तिच्या हातावर ठेवली. "कवा कवा तीन."