ठिपकीची पिशवी

मोशीत नव्या इमारतींच्या मागे सोजरबाईंचा चार गायींचा गोठा आहे. समोरच्या सोसायटीतल्या मोनिकाला लेकीसाठी एकाच गायीचं दूध हवं असे, म्हणून तिला ठिपकी गायीचं दूध वेगळं जायचं. एका सकाळी मोनिका किटली घेताना म्हणाली, "मावशी, तीन दिवस झाले, परत दही लागत नाहीये. विरजणही बदलून पाहिलं. दुधात काही घालता का तुम्ही?"

सोजरबाई "न्हाई" म्हणाल्या आणि पुढच्या घरी गेल्या. पण जिना उतरताना त्यांना कारण कळून चुकलं. ठिपकी व्यायली तेव्हा वासरामागून पडणारी जार आतच अडकली होती. गावातल्या इलाज करणाऱ्यानं ती हातानं ओढून काढली आणि तेव्हापासून दोन महिने ठिपकी मागून घाण टाकत होती. तो दर पंधरवड्याला येऊन अँटिबायोटिकची इंजेक्शनं देई आणि दूध काही दिवस ओतून द्या, असं जाता जाता सांगे. सोजरबाईंनी ते एकदाही ओतलं नव्हतं; तेच औषध दुधातून जाऊन विरजण मारत होतं.

दुपारी त्या परत मोनिकाच्या दारात गेल्या. पाणी घातलं नाही, पण गायीला औषधं चालू असताना दूध दिलं, हे त्यांनी सांगितलं.  मोनिकानं दूध बंद केलं. सोजरबाईंना त्याचं वाईट वाटलं, पण राग आला नाही.

चाकणला कंपनीत असलेल्या रविराजचं, त्यांच्या मुलाचं, म्हणणं गाय विकून टाकावी असं होतं. सोजरबाईंनी राजगुरुनगरच्या डॉक्टर विजयश्रींना फोन लावला.

विजयश्रींनी ताप पाहिला, हात घालून गर्भपिशवी तपासली. गाय वैरण खात होती, ताप नव्हता. "हिला अँटिबायोटिकची गरज नाही," त्या म्हणाल्या. "माजावर आणणारं इंजेक्शन देते. माजात पिशवीचं तोंड उघडतं, ती आकसते आणि घाण बाहेर टाकते. बाकीचं काम गायीचं अंगच करतं."

"आन् दूध?"

"ह्या औषधाला दूध ओतावं लागत नाही. पण आधीच्या इंजेक्शनचे दिवस भरेपर्यंत ओता. आणि लगेच भरवायची, गाभण करायची घाई करू नका. एका इंजेक्शनात गुण येईलच, असंही मी म्हणत नाही."

चौथ्या दिवशी ठिपकी हंबरू लागली आणि तिनं पिवळट पू टाकला, इतका की सोजरबाईंना गोठा दोनदा धुवावा लागला. पुढच्या माजाला गळणारी चिकट सोट बरीच निवळ होती, तरी तिच्यात पुवाचे पांढरे धागे होतेच. रविराजनं व्यापाऱ्याला रविवारी बोलावून घेतलं. तो येऊन गाय न्याहाळू लागला तसं सोजरबाई दावं धरून उभ्या राहिल्या.

"इकायची न्हाई," त्या म्हणाल्या. "आजारी म्या पाडली तिला, त्या माणसाला हात घालू दिला तवा. आता बरी व्हईस्तोवर ठिवनार."

रविराज त्यांच्यावर चिडला आणि आठवडाभर गोठ्याकडे फिरकला नाही. विजयश्रींनी तपासून दुसरं इंजेक्शन दिलं. त्यानंतरच्या माजाची सोट तळहातावर घेतली तर हाताच्या रेषा आरपार दिसत होत्या. तरीही विजयश्रींनी आणखी एक माज सोडायला लावला आणि मग गाय भरवली. ती उलटली, गाभण राहिली नाही. एकवीस दिवसांनी पुन्हा भरवली.

अडीच महिन्यांनी विजयश्री तपासायला आल्या तेव्हा सुट्टी असल्यानं रविराजही गोठ्यात होता. त्यानंच ठिपकीची शेपूट धरली. विजयश्रींचा हात बराच वेळ आत होता.

"राहिलीय," त्या म्हणाल्या. "पिशवीही चांगली आहे."

सोजरबाई पेंडीच्या पोत्यावर बसल्या. रविराजनं शेपूट सोडली आणि डॉक्टरांना हात धुवायला पाणी आणायला गेला.