सोनोग्राफीचं पाणी

धुळ्याच्या बसस्टँडवर मी उभ्या उभ्या लिटरभर पाणी प्यायले आणि जवळजवळ वर्षभराचं वर्षीतप तिथंच मोडलं.

एक दिवस उपवास, एक दिवस जेवण, असं आम्हा जैनांचं हे तप तेरा महिने चालतं. माझा उपवास तर पाण्याशिवायचा. अक्षय तृतीयेला उसाच्या रसानं पारणं व्हायचं होतं, त्याला दीडच महिना उरला होता. माझ्या मुलानं, अनुजनं, माझा फोटो घालून पत्रिकाही छापल्या होत्या. फोटोत मी बरी दिसते, उगाच का खोटं बोलू.

पण सोनोग्राफीला पोट पाण्यानं भरलेलं लागतं, एवढी अक्कल मला होती. आमच्या रुचीच्या दोन्ही बाळंतपणांच्या वेळी जळगावच्या दवाखान्यात बाटली धरून मीच बसायचे. ‘अजून दोन घोट घे बेटा, लघवीला जाऊ नकोस,’ असं सुनेला सांगायचे. आज माझ्याजवळ कुणी नव्हतं, म्हणून माझं मलाच सांगितलं.

डाव्या छातीत गाठ होती. आंघोळ करताना हाताला लागली, बोराएवढी. घरात कुणाला बोलले नाही. भुसावळची माझी मोठी बहीण, कमलबाई, याच दुखण्यानं गेली. लोक तिला भेटायला यायचे आणि तिच्यादेखत तिच्या साड्यांची वाटणी करायचे. ते पाहिल्यापासून मी ठरवलं होतं, मला झालं तर पक्कं कळेपर्यंत तोंड उघडायचं नाही.

दुसरंही एक कारण होतं, ते सांगायला लाज वाटते. हे गेल्यावर तीन वर्षं मी घरात होते की नव्हते, कुणाच्या लक्षातही येत नसेल. तप सुरू केलं आणि लोक दारात येऊन ‘सुखसाता?’ म्हणून खुशाली विचारायला लागले. व्यापारी लाइनीतल्या बायका पाया पडायला लागल्या. मला ते आवडलं होतं. गाठीचं कळलं असतं तर डॉक्टरांनी, नाहीतर अनुजनं, उपवास आधी बंद केले असते. मग मी नुसती आजारी बाई.

तर महासतीजींच्या, आमच्या साध्वींच्या, दर्शनाला जाते सांगून मी धुळ्याला आले होते. मागच्या खेपेला इथल्या लेडी डॉक्टरनं मॅमोग्राफी करून घेतली होती. गाठ दिसत होती, पण भरीव आहे की नुसती पाण्याची, ते सोनोग्राफीतच कळेल म्हणाली. नेमकी तारीख उपवासाच्या दिवशी मिळाली. पुढची मागितली असती, पण मॅमोग्राफी झाल्यापासूनच्या आठ दिवसांत मी झोपले नव्हते.

सेंटरमध्ये माझा नंबर सतरावा. समोर पोटुशा पोरी, प्रत्येकीजवळ नवरा नाहीतर आई. पोट तडतडायला लागलं. मी मांडीवर मांडी घट्ट दाबून नवकार मंत्र म्हणत बसले आणि मनात गणित चाललं होतं की कॅन्सर निघाला तर पारणं आधी की ऑपरेशन आधी.

कपडे बदलायच्या खोलीत बेबाबाई नावाची मदतनीस होती. तिनं विचारलं, “अक्का, संगे कोन उनं शे?”

“कुणी नाही.”

“मंग पर्स मन्हाकडे द्या.” तिनं माझी पर्स कडेवर पोर घ्यावं तशी घेतली.

सोनोग्राफी करणारी डॉक्टर रुचीच्याच वयाची होती. छातीवर थंडगार जेली लावली आणि यंत्राचा दांडा फिरवायला लागली. मी दात आवळून पडले होते. तिच्या लक्षात आलं. “काकू, दुखतंय का?”

“नाही. पाणी खूप प्यायलेय. लवकर बघा.”

“पाणी कशाला? ते पोटाच्या सोनोग्राफीला लागतं. छातीला काही लागत नाही.”

मी रडायला लागले. गाठीसाठी महिनाभरात एक टिपूस काढलं नव्हतं आणि त्या फुकटच्या पाण्यासाठी लहान पोरीसारखी हुंदके देत होते. बेबाबाईला वाटलं, मी घाबरले. “रडू नका अक्का, बठ्ठं चांगलं व्हई,” म्हणत तिनं माझा पाय दाबून धरला. कितीतरी दिवसांनी मला कुणी धरलं होतं. पाया पडणाऱ्या बायका नुसता हात लावून जातात.

डॉक्टरनं दांडा एका जागी थांबवला. खूप वेळ थांबवला. मग पडदा माझ्याकडे वळवला. “हे काळं गोल दिसतंय ना? कडा बघा किती साफ आहेत. आत फक्त पाणी आहे. कॅन्सर नाहीये, काकू. काही करायचं नाही. वाढली किंवा दुखली तरच या.”

मी आधी बाथरूमला गेले. तिथंच हसू आलं, एकटीच हसले.

रिपोर्ट घेऊन बसस्टँडवर आले. मार्चचं ऊन, जळगावची बस लागायची होती. आनंद पोटात मावत नव्हता, पण सांगू कुणाला? वाईट बातमी ज्याला सांगितलीच नाही, त्याला चांगली तरी कशी सांगणार? शेवटी वाटलं, मुलगाच आहे, सांगून टाकू. उपवास मोडल्याचंही सांगायलाच हवं होतं. मी अनुजला फोन लावला.

“हं मम्मी, दर्शन झालं?”

“अनुज, मी दवाखान्यात आले होते. छातीत गाठ होती. कॅन्सर नाही म्हणाले.”

फोनमधून त्याच्या दुकानातला पंखा ऐकू येत होता.

“आणि सोनोग्राफीसाठी मी पाणी प्यायले. तप मोडलं माझं. महासतीजींकडून प्रायश्चित्त घेईन, पण एवढं मोठं पारणं आता नको.”

“कुणाला सांगितलंस?” त्यानं विचारलं.

“कुणालाच नाही.”

“गाठीचं पण नाही?”

“नाही रे.”

त्यानं श्वास सोडला. “बरं केलंस. आता पाण्याचंही बोलू नकोस. पत्रिका पार सुरतपर्यंत गेल्यात.”

मी वाट पाहिली, तो अजून काही विचारेल म्हणून. त्याच्याकडे गिऱ्हाईक आलं होतं, तो कुणाला तरी बसा बसा म्हणत होता.

“ठेवते,” मी म्हणाले, “बस आली.”

बस आली नव्हती.