कुशीवरचे चार आकडे

साहेब, तुम्ही माझ्यात नाणं खुपसलंत, पण माझं वय विचारलं नाहीत. चंपाताईंची दोन बोटं आज मिटत नाहीत, ती तुमच्या सहीमुळं. हे तोंडावर सांगतो आहे, कारण तुमच्या चौकशीच्या कागदात ते कुठंच लिहिलेलं नाही.

मित्रांनो, दचकलात? मी एक जुना टायर आहे. वयानं जुना आणि दिसायला नवा. माझी सगळी लाज या एका वाक्यात आहे. सध्या मी रे रोडला, नानांच्या टायरच्या दुकानामागं भिंतीला टेकून उभा आहे. माझी एक कूस हातभर फाटली आहे. तरीही माझ्या अंगावरची नक्षी बघून येणारा-जाणारा विचारतो, "नाना, हा तर नवाच दिसतोय, फेकला का?" आणि मला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

माझा जन्म कारखान्यातला. रबर, काजळी, गंधक, तारा आणि धागे एकत्र करून मला तापलेल्या साच्यात घातलं. बाहेर आलो तेव्हा अंगावर जाड जाड ठोकळे होते आणि कुशीवर बारीक अक्षरं. त्यांत एका लांबट चौकटीत चार आकडे होते, ३६१५. मला वाटलं, हे आपलं नाव असेल. ती माझी जन्मतारीख होती, हे कळायला नऊ वर्षं लागली.

मी ऑल-टेरेन टायर. म्हणजे डांबर, खडी आणि चिखल, तिन्हींवर चालणारा. आम्ही पाच भावंडं परळच्या एका धर्मादाय दवाखान्याच्या गाडीबरोबर आलो. गाडी फोर-व्हील, म्हणजे इंजिनाची ताकद चारही चाकांना मिळणारी. आठवड्यातले पाच दिवस ती परळ, लालबाग, शिवडीच्या चाळींतून म्हाताऱ्या पेशंटना आणायची. गुरुवारी मात्र डॉक्टर, नर्स आणि औषधांची पत्र्याची पेटी घेऊन दूर डोंगरातल्या पाड्यांवर जायची. तिथं रस्ता संपला की पुढं चढाची लाल माती. त्यासाठी आमची निवड झाली होती.

माझी चार भावंडं चाकांवर गेली. मला मागच्या दारावर टांगलं. मी स्टेपनी.

गाडी आली त्या दिवशी ऑफिसातल्या लोकांनी चार चाकांखाली चार लिंबं ठेवली. ड्रायव्हर होता धम्मपाल, वरळीच्या बीडीडी चाळीतला. तो म्हणाला, "ठेवा तुम्हाला ठेवायचीत तर. मी आधी हवा बघतो." त्यानं चारही चाकांची हवा बघितली आणि मग मागं येऊन माझीही बघितली. कुणीतरी हसलं, "अरे, ती लटकायला आहे!" धम्मपाल म्हणाला, "लटकणाऱ्यालाच ऐन वेळी हाक मारायची असते." मला लिंबू मिळालं नव्हतं, म्हणून मी रुसलो होतो. त्या वाक्यानं रुसवा गेला.

पण मित्रांनो, हाक काही येईना. धम्मपाल इतका जपून चालवायचा की नऊ वर्षांत मला दोनदाच चाकावर चढवलं. सगळं मिळून अकरा किलोमीटर चाललो असेन. भावंडं गुरुवारी संध्याकाळी लाल मातीनं माखून यायची. मी मात्र हरणाचं चित्र असलेल्या रेक्झिनच्या कव्हरात, दवाखान्याच्या आवारात ऊन खात असायचो. मध्ये एकदा ती चारही झिजली, बदलली गेली, नवी चार आली. मला कुणी हात लावला नाही. "स्टेपनी काय, नवीच आहे," असं म्हणाले. मला अभिमान वाटला. काडीचं काम न करता नवा म्हणवून घेण्याचा अभिमान! आज आठवलं की वाटतं, तेव्हाच फाटलो असतो तर बरं झालं असतं.

रबराला बसूनही म्हातारपण येतं. ऊन लागतं, हवा लागते, आतलं तेल उडून जातं. माझ्या ठोकळ्यांच्या बुडाशी आणि कुशीवर केसाएवढ्या भेगा पडायला लागल्या होत्या. मला त्या कळत होत्या. पण महिन्याला एक वॉचमन कव्हर काढून मला काळं पॉलिश मारायचा आणि मी चकचकायचो. भेगा पॉलिशखाली जायच्या. मला ते आवडायचं. हे कबूल करताना बरं वाटत नाही, पण आवडायचं.

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये चाकांवरचे चारही टायर पुन्हा झिजले. नवे निवडायला धम्मपाल गाडी घेऊन नानांकडं आला. बरोबर खरेदी विभागातला यशोधन होता, नवा लागलेला, हुशार, बोलका पोरगा. त्यानं दुकानात शिरताच सगळ्यांत मोठ्या ठोकळ्यांच्या टायरवर हात ठेवला.

"नाना, हे द्या. गाडी कसली खतरनाक दिसेल!"

"दिसेल रे मेल्या," नाना म्हणाले, "पण हे निव्वळ चिखलाचे. डांबरावर भुंग्यासारखे घोंघावतात नि ब्रेक मारलास की उशिरा थांबतात. तुझ्या गाडीत पेशंट असतात की पैलवान?"

"मग हे गुळगुळीत?"

"ते शिवडीपर्यंत झकास. गुरुवारी चढावर गाडी उलटी येईल."

धम्मपाल हसला. त्यानं मधल्या रांगेतले ऑल-टेरेन दाखवले. बाजू जाड आहे का, डॉक्टर, पेटी आणि माणसं मिळून होणारा भार पेलेल का, सगळं नानांना विचारून घेतलं. मग म्हणाला, "पाच."

"पाच कशाला?" यशोधन म्हणाला. "स्टेपनी आहे की."

नानांनी माझं कव्हर काढलं. थुंकी लावून अंगठ्यानं पॉलिश पुसलं आणि माझ्या कुशीवर बोट ठेवलं. "वाच."

"छत्तीस पंधरा."

"पहिले दोन आठवडा, पुढचे दोन साल. दोन हजार पंधराचा छत्तिसावा आठवडा. आता चाललंय चोवीस. ह्याचं बिस्कीट झालंय, बाबा. चहात बुडव नि बघ."

यशोधन हसला. मी हसलो नाही. नऊ वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी मला वाचलं होतं आणि मला ते आवडलं नव्हतं.

"आणखी एक सांगतो," नाना म्हणाले. "फोर-व्हील गाडीचे चारी पाय सारखे लागतात. तीन नवे नि एक हा बसवलास तर आतले गिअर एकमेकांशी भांडत बसतील."

त्या संध्याकाळी धम्मपालच्या मुलीनं, वैशालीनं, वडिलांसाठी अर्ज लिहिला. पाच टायर हवेत. स्टेपनी ३६१५ ची आहे, ती बदलावी. धम्मपालनं खाली सही केली आणि दुसऱ्या दिवशी अर्ज दिला. अर्जाचा फोटो काढायचा राहिला. वैशाली अजून त्यासाठी स्वतःला शिव्या घालते.

साहेब, आता तुमची पाळी.

तुम्ही, दवाखान्याचे प्रशासक, दुपारी आवारात आलात. वॉचमननं नेमकं सकाळीच मला पॉलिश मारलं होतं. तुम्ही खिशातून एक रुपयाचं नाणं काढलंत, माझ्या दोन ठोकळ्यांच्या मधे उभं खुपसलंत आणि म्हणालात, "हे बघा, नाणं बुडतंय! याला म्हणतात टायर. आणि हा म्हणे बदला."

"साहेब, नाण्यानं झीज कळते," धम्मपाल माझ्या आकड्यांवर बोट ठेवून म्हणाला. "वय कळत नाही. वय इथं लिहिलंय..."

"धम्मपाल, मी बावीस वर्षं प्रशासन बघतोय."

"मीपण बावीस वर्षं गाडी चालवतोय, साहेब."

तुमचा चेहरा उतरला, मग चढला. तुम्ही खाली वाकला नाहीत. "तीन घ्या," म्हणालात. "चौथी ही. जुन्यातला बरा बघून स्टेपनीला टांगा. आणि नसेल जमत, तर गुरुवारचा कॅम्प बंद म्हणून पाड्यावर तुम्हीच जाऊन सांगा."

आणि मी काय केलं, मित्रांनो? मी खूश झालो. नाणं माझ्यात बुडलं होतं, चार लोकांसमोर माझी वाहवा झाली होती. नऊ वर्षांनी मी कायमचा चाकावर चढणार होतो! भेगा मला ठाऊक होत्या, तरी मी फुगलो.

धम्मपाल गप्प बसला. कॅम्प बंद झाला तर पाड्यावरच्या लोकांच्या गोळ्या बंद होणार होत्या, हे त्याला माहीत होतं. हे माहीत असलेल्या माणसाला गप्प करणं फार सोपं असतं, साहेब. ते तुम्हालाही माहीत होतं.

नानांनी मला डावीकडं मागं बसवलं. बसवताना ते म्हणाले, "धम्मा, आकडा बाहेरच्या बाजूला ठेवतोय. येता-जाता तुझ्या साहेबाला दिसू दे." अकरा दिवस तुमची गाडी माझ्या शेजारी उभी राहिली. अकरा दिवस तुम्ही दार उघडून उतरलात, तेव्हा माझे चार आकडे तुमच्या गुडघ्याशी होते. वाचलेत?

बाराव्या दिवशी गुरुवार होता; मधल्या गुरुवारी सुट्टीमुळं कॅम्प झाला नव्हता. मे महिना. आम्ही पाड्यावर गेलो. लाल मातीचा तो चढ मी पहिल्यांदा चढलो, पोरं गाडीमागं धावली. खोटं कशाला बोलू, माझ्या आयुष्यातला तो एकच चांगला तास. डॉक्टर रात्रीच्या मुक्कामाला तिथंच थांबले. परतताना गाडीत पुढं धम्मपाल आणि मागं डावीकडं चंपाताई, दवाखान्यातल्या नर्स. सगळ्या परळ-लालबागमध्ये त्यांचं नाव होतं. म्हाताऱ्यांची शीर त्यांना पहिल्या टोचणीत सापडायची.

"धम्मादादा, एवढं हळू? बैलगाडी बरी की!" त्या म्हणाल्या.

"मागचा डावा मला आवडत नाही, चंपाताई."

"मग तो काय लग्न करतोय तुझ्याशी? चल लवकर, माझ्या सासूला चहा हवा असतो पाचला."

तरीही त्यानं वेग वाढवला नाही. दुपारी तीन वाजता आम्ही लालबागच्या पुलावर चढलो. रस्ता तव्यासारखा तापला होता. माझ्या कुशीतली एक भेग उघडली, तिनं शेजारच्या भेगेला हात दिला आणि मी फाटलो. बंदुकीसारखा आवाज झाला. गाडी झोकांडली, धम्मपालनं स्टिअरिंग घट्ट धरलं, गाडी कठड्याला घासत थांबली. दुसरा कुणी असता तर ती उलटली असती. पण मागं औषधांची पेटी सरकली आणि चंपाताईंचा उजवा हात पेटी आणि सीटच्या लोखंडामध्ये सापडला.

दवाखान्यात धम्मपाल त्यांच्या खाटेशी उभा राहिला. मान वर करेना. "मला त्या दिवशी नाही म्हणता आलं असतं," एवढंच बोलला.

"मला तू सांगितलं होतंस की, मागचा डावा आवडत नाही म्हणून," चंपाताई म्हणाल्या. "मी चहाचं बोलले. बस आता. रडू नको, इथं सगळे मला ओळखतात."

हे मी पाहिलं नाही. वैशालीनं नानांना सांगताना ऐकलं. तिनंच मला भंगारातून सोडवून इथं आणलं.

चंपाताईंची दोन बोटं मिटत नाहीत. त्यांना आता नोंदणीच्या खिडकीवर बसवलं आहे. त्या डाव्या हातानं नावं लिहितात.

आणि तुमच्या चौकशीत काय लिहिलं आहे? "टायर सुस्थितीत, नक्षी पुरेशी खोल. अपघात चालकाच्या अतिवेगामुळं." धम्मपाल निलंबित आहे. बावीस वर्षांत ज्याच्या गाडीला ओरखडा नव्हता, तो चाळीच्या जिन्यावरून उतरताना लोक दिसले की परत वर जातो. पाच टायरचा अर्ज फाइलमध्ये नाही. तीन टायरचा कागद आहे, खाली तुमची सही. यशोधनला विचारलं, तर तो म्हणाला, आठवत नाही. मग नानांच्या दुकानात येऊन बराच वेळ माझ्यासमोर उभा राहिला.

मित्रांनो, तुमच्या घरी गाडी असेल, नसेल तर शेजाऱ्यांची असेल. एकदा खाली वाका. टायरच्या कुशीवरचे चार आकडे शोधा आणि मोठ्यांना वाचून दाखवा. मागं टांगलेला असेल त्याचेही वाचा, त्याचे तर आधी वाचा. चकचकीत दिसतो म्हणून सोडू नका. मीही चकचकीत होतो.

साहेब, येत्या बुधवारी अकरा वाजता धम्मपालची सुनावणी आहे. टायर आत आणता येणार नाही, असं तुमच्या ऑफिसनं कळवलं आहे. हरकत नाही. वैशाली मला ढकलत दारापर्यंत आणणार आहे. आकडा बाहेरच्या बाजूलाच असेल.

मला माझ्या चकाकीची लाज वाटते. धम्मपालला त्याच्या गप्प बसण्याची, वैशालीला न काढलेल्या फोटोची, चंपाताईंना त्या चहाची. बाकी सगळ्यांनी आपापली लाज उचलली, साहेब. तुमच्या वाट्याची तेवढी तशीच पडली आहे.

तेव्हा सगळ्यांसमोर सांगा. धम्मपालनं बोट ठेवलं होतं, तिथं तुम्ही वाकून का बघितलं नाहीत? आणि पाच टायरचा तो अर्ज कुठं आहे?