वावराच्या मधोमध

सकाळच्या पारी भांडी खणखणली, जमीन थरथरली आणि छताच्या माळवदातून ओंजळभर माती साक्षीच्या झोळीत पडली. लेकरू तेव्हा नशिबानं आईच्या मांडीवर होतं. त्या दिवसापासून संघप्रिया लेकीला घेऊन सोयाबीनच्या पोत्यांच्या शेडमध्ये, पत्र्याखाली राहायला लागली.

अख्ख्या पिंगळी गावात हसू झालं. "भूगोलात बीए केलं आन् पोत्यांत झोपायलीय," असं बायका नळावर बोलायच्या.

सासऱ्यांनी, भगवानरावांनी, फर्मान सोडलं, "रविवारी पाव्हणे यायलेत. त्याच्या आत खोलीत ये."

त्यांना पटवायला संघप्रियानं भिंतीवर जगाचा नकाशा लावला. मोबाइलवर जगभरच्या भूकंपांचे ठिपके बघत एकेक टिकली चिकटवली. जपान, चिली, हिमालय करत पाकीट संपलं, आणि नकाशावर टिकल्यांच्या रांगा उमटल्या.

"हे तर बांध दिसायलेत," भगवानराव म्हणाले.

"बांधच समजा, मामा. जमिनीची एकेक प्लेट म्हंजे एकेक वावर. दोन वावरं रेटारेटी करतात तिथं भूकंप."

"म्हंजे भांडण बांधावर. आन् आपण कुठं?"

तिनं नाइलाजानं बोट ठेवलं. आसपास रांग नव्हती.

"मधोमध. बांध कुठल्या कुठं. तूच दाखवलंस की, पोरी. उचल गाठोडं."

"स्वतःच्याच टिकल्यांनी फसली बया," सासू कुसुमबाई पदराआड हसल्या.

संघप्रियानं आवाज चढू दिला नाही. "मामा, उन्हाळ्यात आपल्या काळ्या रानाला भेगा पडतात, त्या काय बांधावरच पडतात?"

भगवानराव पुन्हा नकाशाकडं बघायला लागले.

"वासराचा पाय जाईल एवढ्या पडतात, भर वावरात. बांधावर रोजचं भांडण, आपल्याकडं कधीमधी. पण त्या दिवशी डोक्यावर हातभर माती नको. पत्रा पडला तर खोक पडंल. माळवद पडलं तर लेकरू उकरून काढावं लागंल."

"माझ्या बापानं बांधलंय ते."

"मंग तुमी झोपा त्यात. माझी लेक न्हाई झोपणार."

"दमानं," नवरा नागेश पुटपुटला.

"तुमी बी ठरवा कुठं झोपायचं ते."

रविवारी पाव्हणे आले. तिनं पोत्यांवर सतरंजी टाकून शेडमध्येच चहा दिला. एकानं विचारलंच, "घरात का न्हाई?"

भगवानरावांनी तोंड उघडायच्या आत ती म्हणाली, "घराला अजून माणसं बसवायसारखं छत न्हाई."

भगवानरावांनी चहा अंगणात, उभ्यानंच घेतला.