कोल्ह्याची ओळ

जुन्या प्रुफाच्या पानावरचं तांबड्या शाईचं ते वेटोळं शेपटीपाशी जरा तुटलं होतं, पेन तिथं अडखळलं असावं, किंवा हात... 'काढून टाका' सांगणारी ही खूण मुद्रितशोधनाच्या चौतीस वर्षांत त्याने किती हजार वेळा केली असेल, आणि तरी आज सकाळी, टेबलाचा खण अर्धाच ओढून, तो तिच्याकडे परक्या माणसाची सही पाहावी तसा पाहत होता. वेटोळ्याखाली एकच शब्द होता. कोल्हा.

एकच. त्या दिवशी मात्र दोन दिसले होते, एकाखाली एक, कोल्हा, कोल्हा, खालचा थोडा फिकट, आणि ओळ दोनदा पडली म्हणून त्याने एक खोडून टाकली, सवयीने, पानाखाली सही ठोकून. उजवा डोळा मिटून एकदा पाहिलं असतं तर... पण तो डोळा मिटायचा म्हणजे त्याला काहीतरी झालंय हे कबूल करायचं.

त्याने खण बंद केला. पाणी प्यायला उठला. सकाळपासून ही तिसरी खेप.

पुस्तक तरी केवढं! चाळीस पानांची शाळकरी पुस्तिका. क्यू, झेड, एक्स अशा अक्षरांना मुलं बिचकतात, म्हणून ती अक्षरं असलेले इंग्रजीतले चिमुकले शब्द आणि त्यांचे अर्थ. डावीकडच्या रकान्यात शब्द, उजवीकडच्या रकान्यात अर्थ. एक्सच्या पानावर फॉक्ससमोरचा कोल्हा गेला आणि खालचे सगळे अर्थ मुकाट एकेक पायरी वर चढले. फॉक्स म्हणजे करणी करणे. हेक्स म्हणजे ढिला. लॅक्स म्हणजे मिसळणे... सिक्स म्हणजे कर, टॅक्स म्हणजे मेण, आणि तळाशी बिचाऱ्या वॅक्ससमोर काहीच नाही, कोरी जागा, आणि तीसुद्धा शेवटच्या प्रुफात मला दिसली नाही — मला, ज्याला चुकलेला अनुस्वार जेवणातल्या खड्यासारखा लागतो!

काल एका शाळेतल्या बाईंचा फोन आला होता. प्रकाशनाच्या मालकांनी तो सगळ्यांना ऐकू जाईल असा लावला. "अहो, माझ्या वर्गातली पोरं घोकतायत, मिक्स म्हणजे बैल!" कुणीतरी फिसकन हसलं. मालक हसले नाहीत. फोन ठेवून त्यांनी विचारलं, "हे पान कुणी लावलं?"

तेव्हाच बोलायचं. तेव्हा ते एका वाक्याचं काम होतं. त्याने चष्मा काढला, पुसला, परत घातला, आणि तेवढ्यात संगणकावर पानं लावणारी ती मुलगी उभी राहिली होती. "मी, सर." सहा महिन्यांच्या बोलीवर आलेली, पाचवा चालू असलेली. मालक तिला म्हणाले, "काकांनी तपासल्यावर तूच परत हात लावला असशील. उद्या तीन वाजता आत ये." काकांनी तपासल्यावर! त्या विश्वासाआड तो लपला तो लपलाच.

आता अडीच. समोरच्या नव्या प्रुफातल्या ओळी जागच्या जागी थरथरत होत्या. तो वाचत नव्हताच — डोक्यात फिक्स, मिक्स, सिक्स असं वर्गातल्या पोरांसारखं टाळ्या वाजवत चाललं होतं, अर्थांवाचून, आणि मध्येच बायकोचा सकाळचा आवाज... "डाव्या डोळ्यावर हात धरा आणि घड्याळात किती वाजले सांगा बरं." "साडेआठ," तो म्हणाला होता, रेडिओवरच्या बातम्या नुकत्याच संपल्या होत्या म्हणून. बायको जवळ येऊन म्हणाली, "घड्याळ रात्रीपासून बंद आहे. दुरुस्तीला द्यायचंय. अहो, मोतीबिंदू म्हणजे काही चोरी नव्हे, दाखवून या ना." त्यावर तो तिच्यावरच खेकसला. डबा न घेता निघाला. चोरी नव्हे... पण ज्याच्या डोळ्यांवर सारं कार्यालय चालतं त्याने काय करायचं? डोळे गेलेला मुद्रितशोधक म्हणजे, म्हणजे काय? समोर कोरी जागा.

"काका."

ती टेबलाशी उभी होती. हातात पाण्याची बाटली, टोपण उगाच उघडत मिटत.

"आत जायच्या आधी तुम्हाला सांगावं म्हटलं. माझ्यामुळे तुमचं नाव खराब झालं. तुम्ही एवढं डोळ्यांत तेल घालून वाचता..."

"अगं..."

"नाही, खरंच. मी काल रात्रभर आठवत होते. आधी वाटलं, मी नाहीच केलं. पण मग आठवलं. त्या दिवशी माझ्या मुलीला ताप होता, मी घाईत होते, आणि बोट घसरलं. मला दिसतंय ते, काका. ओळ गेली, आणि मी तशीच पुढे गेले."

ती खोटं बोलत नव्हती. न घडलेली गोष्ट तिला आठवत होती, तापासकट, घसरलेल्या बोटासकट. एका रात्रीत तिने माझी चूक उचलून स्वतःच्या घरात नेली होती, तिला जागा करून दिली होती, आणि आता ती चूक तिथंच राहणार होती, दुसऱ्या नोकरीत, तिसऱ्या नोकरीत, दर वेळी बोट कळफलकावर ठेवताना... आणि मी? निवृत्तीच्या समारंभात नारळ घेताना काय आठवेल मला? कालांतराने मलाही तिचंच बोट दिसू लागेल. दिसेलच. माझा डोळा काय, एकाचे दोन करतो, दोनाचं काहीही करील.

मालकांच्या खोलीचं दार उघडलं. "ये गं," आतून आवाज आला. वेळेच्या आधीच.

ती वळली.

"थांब," तो म्हणाला. आवाज अपेक्षेपेक्षा मोठा निघाला, पलीकडच्या टेबलावरची मान वर झाली. "तुझं बोट घसरलं नव्हतं."

"पण मला आठवतंय काका..."

"नव्हतं घसरलं."

ती गोंधळली. दाराकडे पाहिलं, परत त्याच्याकडे. आणि मग, अगदी हळू, लहान मूल गोष्ट मध्येच थांबली की विचारतं तसं तिने विचारलं, "मग?"

त्याला वाटलं होतं, असं काही बोललो की छातीवरचा दगड उतरेल. उतरला नाही. हात खणाकडे, त्या पानाकडे गेला, पण पुढचं वाक्य कसं सुरू करायचं ते माहीत नव्हतं. मात्र डोक्यातल्या त्या टाळ्या थांबल्या होत्या. दिवसभरात पहिल्यांदाच तिथं इतकी शांतता होती की तिचं ते 'मग' त्याला नुसतं ऐकू येत नव्हतं, ते त्याला कळत होतं.